क्लाइव्ह हॅनिगन पहिल्या पानावर येतो

इंटरनेटवर ‘टूमिगल कॅरॅव्हॅन पार्क’ असं टाकलं की पहिलं नाव रसेल डॉब्सच्या पार्कचं यायचं. दुसरंही त्याच्याच पार्कचं, फक्त फोटो वेगळा. क्लाइव्ह हॅनिगनचं पार्क तिसऱ्या पानावर होतं, कधीच बंद पडलेल्या एका सलूनच्या खाली. आता तिसऱ्या पानापर्यंत जातो कोण? ज्याला दुसरा उद्योग नाही तो, नाहीतर ज्याचं स्वतःचं नाव तिथे आहे तो. क्लाइव्ह दोन्हीत मोडायचा.

गाव लहान. पार्क दोन आणि मधे एक नदी. नदीला पाणी क्वचितच असतं, पण वर पूल बांधून ठेवलाय म्हणून तिला नदी म्हणायचं. हिवाळा लागला की मेलबर्नसारख्या थंड दक्षिणेतली पिकल्या केसांची जोडपी गाडीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे आपलं चाकांवरचं घर, जोडतात आणि उबेच्या शोधात उत्तरेला निघतात. वाटेत एखादा मुक्काम टूमिगलला. ती सगळी पूल ओलांडून रसेलकडे जायची. क्लाइव्हच्या वाट्याला यायची ती, ज्यांचा टायर पुलाच्या अलीकडे फुटला.

त्याची बायको ग्वेन आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिने एके दिवशी टोस्टला लोणी लावता लावता शांतपणे सांगून टाकलं, “क्लाइव्ह, मी थकले. हा एक हिवाळा बघू. पार्क भरलं तर राहू. नाही भरलं तर रसेलला विकू आणि माझ्या बहिणीच्या शेजारी समुद्राकाठी घर घेऊ. तो घ्यायला तयार आहे, मी विचारलंय.”

क्लाइव्हने टोस्ट ताटलीत परत ठेवला. विकायचं तेही रसेलला! क्लाइव्ह उभा जन्म कौन्सिलच्या सांडपाणी खात्यात इंजिनीयर होता. निवृत्तीनंतर घेतलेल्या या पार्काचा एकेक उतार त्याने स्वतः आखला होता. पृथ्वीच्या पाठीवर कुठल्याही कॅरॅव्हॅन पार्कात पावसाचं पाणी इतक्या शिस्तीत वाहत नसेल. टूमिगलला पाऊस पडत नाही हा त्याचा दोष नव्हे. या जागेवर त्याचा जीव होता, आणि ती गेली तर बहिणीच्या व्हरांड्यात बसून आपण नुसते वाळत जाऊ, याची त्याला खरोखर भीती वाटली.

म्हणून तो गावच्या वाचनालयात ज्येष्ठ नागरिकांसाठी ठेवलेल्या ‘आपला धंदा इंटरनेटवर’ या वर्गाला गेला. शहरातली एक बाई पडद्यावरून शिकवणार होती. थोड्याच वेळात तिचा आवाज गेला आणि उरलेला वर्ग सगळ्यांनी तिचे ओठ बघण्यात घालवला. पण आवाज जाण्यापूर्वी तिने एक गोष्ट सांगितली होती. तुमचा प्रतिस्पर्धी वर का आहे हे समजायचं असेल, तर कोणकोणत्या वेबसाइट त्याच्याकडे बोट दाखवतात ते शोधा. त्यांना बॅकलिंक म्हणतात. जितकी जास्त मंडळी बोट दाखवतील तितका माणूस वर.

क्लाइव्हला हे ताबडतोब पटलं. हे तर गटाराचंच शास्त्र. एका डबक्यात पाणी का आणि दुसरं कोरडं का, हे बघायचं तर डबक्याकडे बघत बसायचं नसतं, त्यात येणारे पाट शोधायचे असतात. घरी येऊन त्याने तसं शोधून देणारी एक फुकट साइट उघडली आणि आधी स्वतःचं नाव टाकलं. त्याच्याकडे दोन लिंक होत्या. एक ग्वेनच्या बहिणीच्या विणकामाच्या पानावरून आणि दुसरी टकलावर केस उगवणाऱ्या कुठल्याशा तेलाच्या दुकानातून. तेलवाल्यांना त्याच्यात काय दिसलं कोण जाणे. त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि मग रसेलचं नाव टाकलं.

ते पान खाली खाली सरकतच राहिलं. बोल्स क्लब, कृषी प्रदर्शन मंडळ, वणवा विझवणारं स्वयंसेवक दल, गावचं संग्रहालय, टेनिस क्लब, चर्चची जत्रा, इतकंच काय, तर गुलाबप्रेमी मंडळ. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ: सेक्रेटरी, रसेल डॉब्स, आणि पुढे त्याच्या पार्काची लिंक.

क्लाइव्ह खुर्चीत मागे रेलला. माणूस किती पोहोचलेला असावा! वर्षानुवर्षं, एका शब्दाने कुणाला सुगावा न लागू देता, गावभर पाट खणून सगळं पाणी स्वतःच्या दारात वळवलेलं. आणि वागणं बघावं तर खालमानेचं, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, रस्त्यात भेटला की घाईघाईने हात हलवून पुढे. मुरलेले लोक असेच असतात.

चार नंबरच्या जागेत मर्व्ह राहायचा. तो मागे कधीतरी एका रात्रीसाठी आला होता आणि अजून ती रात्र संपली नव्हती. भाडं वेळेवर देई आणि सल्ला अवेळी. त्याला क्लाइव्हने छापलेला कागद दाखवला तेव्हा तो म्हणाला, की रसेलला वर्षानुवर्षं ओळखतो, त्याच्यात एवढी अक्कल नाही. क्लाइव्हने दुर्लक्ष केलं. ज्या माणसाला स्वतःचा तंबू सरळ लावता येत नाही त्याने डावपेचांवर बोलू नये.

सुरुवात सोप्यातून करावी म्हणून तो कौन्सिलच्या पर्यटन यादीत नाव घालायला गेला. ज्या इमारतीत त्याने आयुष्य काढलं तिथे काउंटरवरच्या मुलीने त्याला ओळखपत्र मागितलं. भिंतीवर निवृत्त अधिकाऱ्यांच्या फोटोत तो स्वतः लटकत होता. त्याने फोटोकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, फोटो चालत नाही. ओळखपत्र झाल्यावर कळलं की ‘कॅरॅव्हॅन पार्क’ हा प्रकार निवडायचा तर आगीच्या नळाच्या नव्या दाखल्याचा क्रमांक लागतो, आणि नवे दाखले अजून छापून आलेले नाहीत. मुलीने सुचवलं, तूर्तास ‘निवास, इतर’ निवडा, मग बदलता येईल. क्लाइव्हने निवडलं. ‘निवास, इतर’ म्हणजे त्या यादीत कुत्र्यामांजरांची पाळणाघरं होती, हे त्याला पुढल्या आठवड्यात समजलं, जेव्हा एक बाई दोन शिकारी कुत्रे आणि एक काकाकुवा घेऊन दारात उभी राहिली आणि ‘पंधरा दिवसांनी नेते’ म्हणून निघूनही गेली. यादीतला प्रकार बदलायला फोन केला तर उत्तर आलं, आता थेट पुढल्या आर्थिक वर्षात.

काकाकुव्याने मर्व्हचा खोकला उचलला. ग्वेनने कुत्र्यांना काय घालायचं एवढंच विचारलं. तिच्या त्या एवढंच विचारण्याने क्लाइव्हला जास्त लागलं.

मग आली बोल्स क्लबची वार्षिक सभा. बोल्स म्हणजे कातरलेल्या हिरवळीवर जड गोळा अगदी हळू घरंगळत न्यायचा खेळ, आणि हिवाळ्यात निघालेल्या त्या जोडप्यांचं तर दैवतच. क्लाइव्हचा बेत साधा होता. सभेला जायचं, वर्गणी भरायची, चहाच्या वेळी वेबसाइटचा विषय काढायचा, आपली एक लिंक टाकून घ्यायची आणि घरी यायचं.

पण टूमिगलच्या वार्षिक सभांचा एक अलिखित नियम आहे. अहवाल होतात, झेरॉक्स यंत्रावर भांडण होतं, आणि मग अध्यक्ष विचारतात, “सेक्रेटरीपदासाठी कोण?” त्या क्षणी खोलीतला प्रत्येक माणूस स्वतःच्या बुटांकडे बघू लागतो. जाणते लोक तर नाडी सोडून पुन्हा बांधतात. त्या वेळी मान वर असलेला माणूस गेला. हे कुणी कुणाला शिकवत नाही, आईच्या दुधातून येतं. क्लाइव्ह गावात कित्येक वर्षं होता, पण कौन्सिलच्या नोकरीत सभा म्हणजे मान ताठ ठेवायची जागा. तो ताठ बसला होता. एवढंच नाही, तर हिरवळीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पाणी साचतं असा मुद्दाही त्याने मांडला.

अध्यक्षीण डॉट ऐंशीच्या घरातली, चिमणीएवढी बाई. पण तिचा आवाज पुलापलीकडे जायचा. “क्लाइव्ह राजा, तुला तळमळ आहे,” ती म्हणाली. पुढच्या रांगेतून रसेल उठला आणि सूचक म्हणून त्याने क्लाइव्हचं नाव घेतलं. नाव घेताना त्याचा आवाज कापला. क्लाइव्हला वाटलं, हरलेल्या माणसाचा आवाज असाच कापतो. एवढा मोठा पाट आपण एका फटक्यात फोडला! टाळ्या वाजल्या आणि त्याच्या हातात हॉलच्या किल्ल्यांचा जुडगा पडला.

यशाची चटक वाईट. दोन-तीन महिन्यांत क्लाइव्हने प्रदर्शन मंडळ घेतलं, वणवा दल घेतलं, संग्रहालय घेतलं. जिथे जाई तिथे रसेल आधीच बसलेला असे आणि जिथे जाई तिथे रसेलच नाव सुचवी. शेवटी शेवटी तर तो क्लाइव्हसाठी शेजारची खुर्ची राखून ठेवू लागला. प्रत्येक वेबसाइटच्या तळाशी आता क्लाइव्हच्या पार्काची लिंक होती, आणि क्लाइव्ह तिसऱ्या पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर सरकत होता.

फक्त लिंकेबरोबर काम येतं, हे त्या पडद्यावरच्या बाईने सांगितलं नव्हतं. कदाचित आवाज गेल्यावर सांगितलं असेल. बोल्स क्लबचा चहाचा मोठा पिंप सेक्रेटरीने घासायचा. संग्रहालयात भुसा भरलेली, अस्वलाच्या पिल्लाएवढी एक वॉम्बॅट होती, तिला महिन्याला ब्रश मारायचा. वणवा दलासाठी दर शनिवारी लोखंडी सामानाच्या दुकानाबाहेर सॉसेज भाजून विकायचे, आणि त्यात कांदा पावावर आधी घालायचा की सॉसेजच्या वर, यावरून गावात दोन तट. आधी घातला तर पाव ओला होतो, वर घातला तर कांदा जमिनीवर पडून म्हातारी माणसं घसरतात. क्लाइव्हने इंजिनीयर या नात्याने सॉसेजच्या दोन्ही अंगांना कांदा घालून पाहिला. दोन्ही तट एक झाले आणि त्याच्या अंगावर आले.

कृषी प्रदर्शनात तर इज्जतच गेली. स्कोनच्या, म्हणजे चहाबरोबर खायच्या छोट्या पावांच्या, स्पर्धेत ताटलीवर फक्त क्रमांक ठेवायचा, नाव झाकायचं, म्हणजे परीक्षकाला पत्ता लागत नाही. ही नावं झाकण्याची जबाबदारी सेक्रेटरीची. क्लाइव्हने झाकली, आणि कुठल्या क्रमांकाखाली कुणाचं नाव झाकलं हे विसरला. शेवटी अंदाजाने लावली. पहिलं बक्षीस ग्वेनला मिळालं. ग्वेनने स्कोन पाठवलेच नव्हते, तिने लोणचं पाठवलं होतं. त्यानंतर बरेच दिवस गावातल्या बायका किराणा दुकानात तिच्याशी फक्त हवामानावर बोलत.

“मी यात कुठे होते, क्लाइव्ह?” ग्वेनने घरी आल्यावर विचारलं. “मला एवढंच सांग.”

त्याने सांगितलं की आपण आता पहिल्या पानावर आहोत. ती म्हणाली, फोन वाजतोय, घे.

फोन आता दिवसभर वाजायचा. हॉल भाड्याने मिळेल का, वॉम्बॅट सोमवारी बघता येईल का, झाडं जाळायचा परवाना कुठे मिळतो, कुत्रा ठेवता का. कॅरॅव्हॅनसाठी जागा आहे का, असं कुणी चुकूनही विचारेना. हिवाळा अर्धा सरला. क्लाइव्हचे उतार रिकामे पडले होते. ग्वेनने खोकी आणून व्हरांड्यात रचायला सुरुवात केली, आणि ती दिसू नयेत म्हणून क्लाइव्ह मागच्या दाराने ये-जा करू लागला. खरं तर त्याला रडू येत होतं, पण त्यालाही सवड नव्हती, गुलाबप्रेमींची बैठक होती. ते मंडळही त्यानेच घेतलं होतं.

अशात एका सकाळी रसेल पूल ओलांडून आला. त्याच्या गाडीमागे त्याचं स्वतःचं कॅरॅव्हॅन जोडलेलं होतं, शेजारी बायको बसली होती आणि दोघांनी उन्हाच्या टोप्या घातल्या होत्या. रसेलच्या डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. क्लाइव्हने त्याला आधी ओळखलंच नाही.

“निघालो,” रसेल म्हणाला. “उत्तरेला. हिवाळाभर गेट बंद. येतील त्यांना तुझ्याकडे जा म्हणून पाटी लावलीय.”

“आणि धंदा?”

“धंदा गेला खड्ड्यात. क्लाइव्ह, अरे, लग्न झाल्यापासून मी एकही शनिवार गावाबाहेर काढला नव्हता. एकदा बोल्सच्या सभेत मान वर केली तेवढीच चूक. सोडायचं तर आपल्या जागी माणूस द्यावा लागतो, आणि माणूस मिळत नाही. तू एकेक करून सगळं घेतलंस. बायको रात्री तुझं नाव घेऊन झोपते.” त्याने खिडकीतून क्लाइव्हचा हात दोन्ही हातांत धरून जोरात हलवला आणि गाडी सुरू केली.

गाडी धूळ उडवत गेली. क्लाइव्ह रस्त्यात तसाच उभा राहिला. म्हणजे पाट नव्हते. डावपेच नव्हता. जो कागद त्याने भिंतीवर चिकटवून अभ्यासला होता, ती एका गरीब बिचाऱ्या माणसाच्या भोगांची यादी होती, आणि ते सगळे भोग त्याने मागून, भांडून, वर्गणी भरून स्वतःच्या अंगावर घेतले होते.

दुपारपर्यंत पुलापलीकडून पहिली गाडी वळून आली. संध्याकाळी आणखी काही. आठवडाभरात पार्क असं भरलं की मर्व्हला आपला तंबू सरळ करून जागा करून द्यावी लागली. पाऊसही पडला, आणि पाणी अगदी शिस्तीत वाहून गेलं. मंडळी छत्र्या घेऊन ते बघायला बाहेर आली. क्लाइव्हला ते बघता आलं नाही. तो हॉलमध्ये पिंप घासत होता.

ग्वेनने खोकी मोडून जाळली. ती इतकी खुश क्वचितच दिसायची. ती म्हणाली, आता विकायचं नाव काढायचं नाही, हे तर आपलं सोनं आहे. क्लाइव्ह कांदे चिरत होता. त्याने विचारलं, तुझ्या बहिणीच्या शेजारचं ते घर अजून रिकामं आहे का गं? ग्वेन हसली. तिला वाटलं थट्टा. त्याने कांद्याच्या नावावर डोळे पुसून घेतले.

रसेल परत आला तो सामान हलवायलाच. वर्ष संपायच्या आत त्याने पार्क विकलं. घेतलं मेलबर्नच्या टॅमसिन नावाच्या तरुण बाईने. ती हुशार, तरतरीत आणि मनाने चांगली होती. उन्हाळा संपता संपता ती क्लाइव्हकडे आली. येताना लिंबाचा केक आणला होता, आणि हातात एक छापलेला कागद.

“काका, मी तुमच्या लिंक बघितल्या,” ती म्हणाली. “मी शहरात हेच काम करायचे, पण असं कुणी केलेलं पाहिलं नाही. अख्खं गाव तुमच्याकडे बोट दाखवतं. हे जमवलं कसं?”

क्लाइव्हला तिच्या चेहऱ्यावर अगदी स्वतःचा चेहरा दिसला. मनात आलं ते चांगलं नव्हतं. बोल्सची वार्षिक सभा मंगळवारी होती. पण केक ताजा होता आणि तो मुळात सज्जन माणूस होता. त्याने तिला बसवून घडलं तसं सगळं सांगितलं. पिंप, वॉम्बॅट, कांदा, शनिवार. शेवटी तो कळवळून म्हणाला, “पोरी, माझं ऐक. मंगळवारच्या सभेला येऊ नकोस. आलीसच तर मान खाली घालून बस.”

टॅमसिनने सगळं नीट ऐकून घेतलं. मग धंद्यातलं गुपित राखणाऱ्याकडे बघून दुसरा धंदेवाला हसतो, तशी हसली. “समजलं,” म्हणाली, आणि कागदावर मंगळवार लिहून घेतला.

मंगळवारी ती पहिल्या रांगेत होती. अहवाल झाले, झेरॉक्स यंत्रावरचं भांडण झालं. डॉटने चष्मा पुसला आणि विचारलं, “सेक्रेटरीपदासाठी कोण?” साऱ्या माना खाली गेल्या. क्लाइव्हशेजारी बसलेल्या ग्वेननेही बूट बघितले. फक्त टॅमसिनची मान वर होती. प्रसन्न, ताठ, सगळ्यांकडे बघत.

क्लाइव्हने तिच्याकडे पाहिलं. मी सांगितलं होतं, तो मनाशी म्हणाला. माझं कर्तव्य मी केलं. आता मला माझ्या उतारांवरून एकदा तरी पाणी वाहताना बघायचंय. तिचं नाव सुचवण्यासाठी त्याने हात वर केला, आणि तोंड उघडलं.

“क्लाइव्ह राजा पुन्हा तयार आहे,” डॉट म्हणाली. “अनुमोदन?”

तोंड उघडंच राहिलं. पहिल्या रांगेत टॅमसिनने ताबडतोब हात वर केला. टाळ्या पडल्या. ग्वेनने क्लाइव्हच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

चहाच्या वेळी टॅमसिन गर्दीतून वाट काढत त्याच्याजवळ आली आणि आदराने हळूच म्हणाली, “मला येऊ नको म्हणालात ते याच्यासाठी होय! आता कळलं तुम्ही कसं जमवता ते.” क्लाइव्हने तिला साखर किती विचारलं. मग तिचा कप भरून तो पिंपाच्या तळाशी किती चहा उरलाय ते बघायला वाकला.